वेळ निवडा

पहिल्याच पडद्यावर त्यानं विचारलं, वेळ कुठली?
खाली यादी : अल्माती, काबूल, ताश्कंद, बिश्केक.
मी बिश्केकवर बोट टेकवलं आणि पुढे गेले,
साखर किती घालू असं कुणी विचारावं
आणि आपण नीट न ऐकताच मान डोलवावी, तसं.

नारीनच्या जलमापन केंद्रात आलेला हा संगणक
एका बँकेनं टाकून दिलेला.
एक कळ गळालेली; एर्मेकनं तिथं
आईच्या कोटाचं बटण चिकटवलं.
फटींतून वारा, शेगडीत गोवऱ्या,
आणि इंटरनेट असं, की डोंगरावरून कुणीतरी
एकेक मेंढी मोजून खाली सोडतंय.

आधी बँक पुसली.
मग पायथन, मग आकड्यांची लायब्ररी,
मग तक्त्यांची, मग आलेख काढणारी.
हिला ती हवी, तिला तिसरी,
तीही जुनीच, नवी म्हणे चालत नाही.
लग्नघरातले मानपान सगळे :
ही आली तर ती उंबरा ओलांडणार नाही,
आणि ती रुसली तर मांडवच उभा राहणार नाही.
शेवटी भांडणाऱ्यांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या,
दारं लावून घेतली.
नांदल्या.

सत्त्याण्णव टक्क्यांवर वीज गेली.
खाली हिच्यावर धरणांमागून धरणं,
एर्मेक अंधारात म्हणाला,
आणि हिच्याच घरात दिवा नाही.
त्याच्या पेल्यातला चहा गार होईपर्यंत
आम्ही नदी ऐकत बसलो. दुसरं होतं काय.

तिसऱ्या रात्री सातिबाल्दी-आकेंच्या वह्या काढल्या.
एकोणतीस. जांभळी शाई, काही पानांना अजून
घोड्याच्या घामाचा वास.
दर तीन तासांनी पाण्याची उंची, थंडीत, तापात,
मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.
चार हिवाळे खपून आम्ही ते आकडे टंकले होते.
ओळ लिहिली, एंटर दाबलं,
आणि यंत्र अडलं.
लाल अक्षरांत : अशी वेळ अस्तित्वात नाही.

मार्चचा शेवटचा रविवार, रात्रीचे तीन.
सरकारनं त्या रात्री घड्याळं तासभर पुढे ढकललेली,
म्हणजे तीन वाजलेच नव्हते
अख्ख्या देशात कुणाचे.
मी वही उघडली.
तीन वाजता, चौऱ्याऐंशी सेंटिमीटर.
काठाला बर्फ. कोल्हा आला होता.

सकाळी त्यांच्याकडे गेले. वय एक्क्याऐंशी,
डावा कान गेलेला, म्हणून उजवीकडे बसले.
आधी मॉस्को सांगायचं, म्हणाले, नंतर बिश्केक :
उन्हाळा आला, काटा पुढे करा.
मी विचारलं, नदीला कळवलंय का?
साहेब हसला. मी खरंच विचारत होतो.
मग उशीखालून घड्याळ काढून दाखवलं.
तेही तसंच, बारमाही हिवाळ्यात.

परतले. बिश्केक खोडलं.
यादीच्या तळाशी, जिथं कुणी जात नाही,
गावांची नावं नसलेल्या वेळा असतात.
त्यातली एक घेतली : ग्रीनिचच्या पुढे पाच तास,
कुणाच्याही हुकमानं न हलणारी.
पुन्हा एंटर.

पंखा घरघरला. एर्मेकनं श्वास रोखलेला.
मग पडद्यावर डावीकडून उजवीकडे
नदी आली,
वितळणाऱ्या हिमनदीची रोजची उसळी
रोज जिथल्या तिथे.
दरसाल उन्हाळाभर रेघेला भरणारी उसण
सुटली होती.

आणखी एक काम उरलं होतं.
तारखेला रकाना होता, तासाला होता, उंचीला, तापमानाला.
कोल्ह्याला नव्हता.
एक वाढवला.
बारा हजार पानं चाळून झाली,
अजून तरी त्यात
एकच नोंद आहे.